द व्हेल्वेट अंडरग्राउंड, १९६५ ते १९६८: कालक्रमाने ऐकण्यासाठी प्रकल्प नोंदी

६ जुलै २०२४

आधी काम काय ते. न्यूयॉर्कच्या या बँडची मे १९६५ ते जानेवारी १९६८ मधली ध्वनिमुद्रणं, ती ज्या क्रमाने झाली त्या क्रमाने, बरोबर वेगाने आणि सारख्या आवाजात एका बैठकीत ऐकता येतील अशी लावायची. प्रकाशनाचा क्रम धरायचा नाही. पहिला अल्बम मार्च १९६७ मध्ये बाजारात आला, पण त्यातली बहुतेक गाणी एप्रिल आणि मे १९६६ मध्येच वाजवून झाली होती. मधल्या दहा-अकरा महिन्यांत बँड बराच पुढे गेला होता. प्रकाशनाच्या तारखा धरून ऐकलं की हा प्रवास कानाला कळतच नाही.

साहित्य फक्त अधिकृत प्रकाशनांमधलं वापरायचं. हातोहात फिरलेल्या प्रतींवर कुणी किती वेळा कॉपी केली आणि कुठल्या वेगाने, याचा पत्ता नसतो. तुलना करायला त्या कुचकामी.

या बँडची गाणी भारी पण रेकॉर्डिंग गचाळ, असं सरसकट म्हटलं जातं. ते आम्हाला मान्य नाही. लडलो स्ट्रीटवरची खोली, सेप्टर, टीटीजी, मेफेअर, अशा चार जागांत हा बँड चार तऱ्हांनी वाजतो, आणि त्यातलं पुष्कळसं ठरवून केलेलं आहे. खोलीने आणि यंत्राने लादलेलं काय, वादकांनी मुद्दाम केलेलं काय, हे वेगळं ऐकू यावं म्हणून हा सगळा खटाटोप.

१० जुलै

टप्पे पक्के केले.

पहिला टप्पा, मे १९६५. बँडचा गायक आणि गीतकार लू रीडने स्वतःलाच पोस्टाने पाठवलेलं पाच इंची स्पूल. त्यावर ११ मे १९६५ ही तारीख आहे. गाणी आपलीच आहेत याचा स्वस्तातला पुरावा म्हणून हा मार्ग तेव्हा अनेक गीतकार वापरत. पाकीट जवळजवळ पन्नास वर्षं बंदच राहिलं आणि त्यातली गाणी २०२२ मध्ये प्रकाशित झाली. सोबत व्हायोला (व्हायोलिनचं थोडं मोठं भावंड) वाजवणारा जॉन केल आहे.

दुसरा टप्पा, जुलै १९६५. ५६ लडलो स्ट्रीट, केलची राहती जागा. रीड, केल आणि गिटारवादक स्टर्लिंग मॉरिसन. ड्रम्स नाहीत. हे १९९५ च्या 'पील स्लोली अँड सी' या पाच सीडींच्या संचात पहिल्या सीडीवर आलं.

तिसरा टप्पा, एप्रिल १९६६. सेप्टर स्टुडिओ, २५४ वेस्ट ५४ वा रस्ता. पुढे ज्या इमारतीत 'स्टुडिओ ५४' हा डिस्को निघाला तीच ही. कोलंबिया कंपनीत नोकरीला असलेला नॉर्मन डॉल्फ यात पैसे आणि खटपट दोन्ही घालत होता, यंत्रावर जॉन लिकाता होता.

चौथा टप्पा, मे १९६६. हॉलिवूडचा टीटीजी स्टुडिओ. तीन गाणी नव्याने केली: 'आय अ‍ॅम वेटिंग फॉर द मॅन', 'व्हीनस इन फर्स' आणि 'हेरॉइन'. निर्माता टॉम विल्सन.

पाचवा, नोव्हेंबर १९६६. न्यूयॉर्कचा मेफेअर स्टुडिओ, फक्त 'संडे मॉर्निंग'. सहावा, सप्टेंबर १९६७, पुन्हा मेफेअर, संपूर्ण दुसरा अल्बम. तो ३० जानेवारी १९६८ ला आला. तिथेच थांबायचं.

दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्यांमधली एक तारीख ठळक करून ठेवायची: ११ डिसेंबर १९६५, न्यू जर्सीतलं समिट हायस्कूल. पैसे घेऊन केलेला पहिला कार्यक्रम. पैसे घ्यायचे आणि ठरलेल्या वेळी सुरू करून ठरलेल्या वेळी थांबायचं, हे अँगस मॅक्लीज या पहिल्या तालवादकाला पटलं नाही, म्हणून त्याने बँड सोडला. (तो पुढे नेपाळला गेला आणि १९७९ मध्ये काठमांडूत वारला.) त्याच्या जागी मॉरीन टकर आली. लडलो ते सेप्टर हा फरक ऐकताना निम्मं लक्ष तिच्याकडे ठेवावं लागतं.

१८ जुलै

एलपी धुणे. कोकणपट्टीतल्या आणि मुंबई-ठाण्याच्या घरांत पावसाळ्यात तबकड्यांवर बुरशी येतेच. पांढरे ठिपके किंवा जाळीसारखे डाग दिसले की नुसत्या कापडाने पुसू नये, बीजाणू खाचेत खोल दाबले जातात.

द्रावण असं: डिस्टिल्ड वॉटर ८०० मिली, आयसोप्रोपिल अल्कोहोल २०० मिली, वास आणि रंग नसलेल्या लिक्विड सोपचे तीन-चार थेंब. मऊ केसांच्या ब्रशने खाचांच्या दिशेने, गोल गोल. आडवं घासायचं नाही. नंतर नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने दोनदा धुवायचं आणि उभी ठेवून वाळवायची. नळाचं पाणी वापरलं तर क्षार खाचेत बसतात आणि कायमची चरचर होते. आतलं कागदी पाकीट टाकूनच द्यावं, कारण बुरशी तिथूनच परत येते. बाहेरचं कव्हर दोन दिवस कोरड्या खोलीत उघडं ठेवायचं, मग सिलिका जेलसोबत बंद. डब्यातली सापेक्ष आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली राहिली की पुरे.

हे द्रावण फक्त व्हिनाइलसाठी. लाखेच्या तबकड्यांवर आणि ॲसिटेटवर अल्कोहोल चालत नाही. ॲसिटेट म्हणजे ॲल्युमिनियमच्या चकतीवर नायट्रोसेल्युलोजचा थर. अल्कोहोलने तो थर खराब होतो आणि गाणं त्याच्याबरोबर जातं.

१९ जुलै

टर्नटेबलचा वेग. अमेरिकेहून आणलेली जुनी टर्नटेबलं आपल्याकडे बऱ्याच जणांकडे आहेत, आणि त्यांतल्या अनेकांवर हा बँड चुकीच्या सुरात वाजतो. कारण साधं आहे. त्यांतली सिंक्रोनस मोटर विजेच्या वारंवारितेवर फिरते. अमेरिकेत ६० हर्ट्झ, भारतात ५०. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, वारंवारितेला हातही लावत नाही. म्हणून ३३⅓ च्या जागी तबकडी मिनिटाला २७.८ फेऱ्या घेते आणि सूर तीन अर्धस्वरांपेक्षा थोडा जास्तच खाली येतो. या बँडची गाणी मुळातच जड आणि संथ, त्यामुळे ऐकणाऱ्याला शंकाही येत नाही!

टर्नटेबल उलटं करून खालची पट्टी वाचा. नुसतं '६० हर्ट्झ' लिहिलं असेल तर तीन मार्ग: ५० हर्ट्झची पुली (व्यास ६/५ पट मोठा), ६० हर्ट्झची साइन लहर देणारा इलेक्ट्रॉनिक वीजपुरवठा, किंवा सरळ डीसी मोटरचं वा क्वार्ट्झ नियंत्रणाचं दुसरं टर्नटेबल. संगणकात घेऊन नंतर १.२ पट वेग वाढवता येतो, पण मग फोनो प्रीॲम्पमधून घ्यायचं नाही. तो प्रीॲम्प आरआयएए ही एलपीसाठीची प्रमाण स्वरपातळी-दुरुस्ती लावतो. तिचे कोपरे ५०, ५०० आणि २१२२ हर्ट्झला असतात; मंद वेगाने घेऊन वेग वाढवला की ते ६०, ६०० आणि २५४६ ला सरकतात आणि आवाजाचा पोतच बदलतो. अशा वेळी दुरुस्ती न लावता सपाट घ्यायचं, वेग सुधारायचा, आणि आरआयएए सगळ्यात शेवटी सॉफ्टवेअरमध्ये लावायचं.

तपासणीसाठी स्ट्रोब चकती: ३३⅓ ला आपल्याकडे १८० रेघांची, अमेरिकेत २१६ रेघांची. नेटवरून छापून घेताना हमखास अमेरिकन चकती हाती येते. दिवा निऑनचा वापरा, चांगले एलईडी लुकलुकत नाहीत आणि रेघा दिसत नाहीत. आपल्या ग्रिडची वारंवारिता ४९.९० ते ५०.०५ च्या पट्ट्यात ठेवण्याचा नियम आहे. ०.१ हर्ट्झ म्हणजे ०.२ टक्के, साडेतीन सेंट (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग). तेवढ्यासाठी झोप उडवून घ्यायची गरज नाही.

२ ऑगस्ट

टेपचा वेग आणि विजेची गुणगुण. ऐकायला किचकट वाटेल, पण सगळ्यात उपयोगी पडणारी नोंद हीच.

घरगुती टेपरेकॉर्डरचा वेग एक-दोन टक्के इकडेतिकडे असणं नेहमीचंच. दोन खोल्यांतली एकाच गाण्याची दोन रूपं शेजारी ठेवली की फरक गायकाने वरच्या पट्टीत गायल्याचा की यंत्राचा, हे कळत नाही. तेव्हा पुरावा म्हणून विजेची हमिंग शोधायची. अमेरिकेत झालेल्या ध्वनिमुद्रणात ती ६० हर्ट्झला आणि तिच्या पटींना, म्हणजे १२० आणि १८० ला, बसलेली असावी. गाण्याआधीचा किंवा दोन कडव्यांमधला शांत तुकडा घ्यायचा, किमान दहा सेकंदांचा, म्हणजे स्पेक्ट्रममध्ये ०.१ हर्ट्झपर्यंतचा फरक दिसतो. रेघ समजा ६१.२ ला निघाली, तर टेप दोन टक्के जलद, सूर ३४ सेंट वर. वेग ०.९८०४ ने गुणायचा.

धोका कुठे आहे ते नीट बघा. रेघ बरोबर ६०.०० ला, काठीसारखी सरळ उभी असेल तर ती मूळ खोलीतली नसून नंतर कॉपी करणाऱ्या यंत्राची असण्याची शक्यता जास्त. मूळ टेपवरची रेघ टेपच्या डुलण्याबरोबर किंचित हलते, आणि गाण्याचे सूरही तेवढेच हलतात. दोन्ही एकत्र हलली तरच विश्वास ठेवायचा. रेघ ५० ला मिळाली तर ती युरोपातल्या कुठल्या तरी कॉपीची. आणि रेघच नाही मिळाली तर वेगाला हात लावायचा नाही. डोळे मिटून चारशे चाळीसच्या ए सुराशी जुळवणं सगळ्यात वाईट, कारण ही मंडळी गिटार नेहमी प्रमाण सुरात लावत होती असं मुळीच नाही. अल्बमवरचं 'हेरॉइन' डी-फ्लॅट आणि जी-फ्लॅट या दोन कॉर्डवर आहे, म्हणजे सोप्या डी आणि जी पेक्षा अर्धा स्वर खाली. हा टेपचा दोष धरला तर टेप साडेपाच टक्के मंद होती असं मानावं लागेल. व्यावसायिक स्टुडिओत एवढी चूक राहत नाही. गिटार उतरवून लावली आहे, असंच धरायचं.

३ ऑगस्ट

कालच्याला जोडून. ही ६० हर्ट्झची गुणगुण या बँडच्या गोष्टीत आणखी एका ठिकाणी येते. केल आणि व्हायोलिनवादक टोनी कॉनराड हे न्यूयॉर्कच्या ला मॉन्टे यंग या संगीतकाराच्या वाद्यवृंदात तासन्‌तास एकच षड्ज धरून वाजवत, आणि तो षड्ज त्यांनी विजेच्या ६० हर्ट्झला मिळवलेला होता. पियानोवर ६० हर्ट्झ बी-फ्लॅट आणि बी यांच्या बरोबर मध्ये पडतो, म्हणजे कुठल्याच पट्टीवर नाही. भारतात हेच केलं तर ५० हर्ट्झ हा जी पेक्षा ३५ सेंट चढा.

तानपुऱ्याचा आवाज यंगच्या कानात बसला तो उस्ताद अली अकबर खाँ यांच्या १९५५ सालच्या अमेरिकेत निघालेल्या एलपीमुळे. किराणा घराण्याचे पंडित प्राणनाथ, अब्दुल वहीद खाँ यांचे शिष्य, अमेरिकेत गेले ते मात्र १९७० मध्ये. तोवर केलला बँड सोडून दोन वर्षं होत आली होती. म्हणून या बँडच्या ड्रोनमागे, म्हणजे सतत धरलेल्या सुरामागे, किराणा घराणं आहे असं जे लिहिलं जातं, ते आपल्या टिपणांत येता कामा नये. तानपुरा एका एलपीतून, एका संगीतकारामार्फत, असा वळसा घेऊन आला. तेवढंच म्हणायचं, आणि तेवढंही काही कमी नाही.

१७ ऑगस्ट

प्रात्यक्षिकाच्या टेबलासाठी 'ऑस्ट्रिच' गिटार. १९६४ मध्ये पिकविक या स्वस्तातल्या रेकॉर्ड कंपनीसाठी रीडने 'द ऑस्ट्रिच' हे नाचाचं गाणं केलं, त्यात सगळ्या तारा एकाच स्वराला लावल्या होत्या. त्या गाण्याच्या प्रचारासाठी केल आणि कॉनराडला गोळा केलं, तेव्हा आपण यंगकडे जे करतो तेच हा माणूस रॉक अँड रोलमध्ये करतोय हे पाहून दोघे चकित झाले. बँडची सुरुवात इथली. पुढे 'व्हीनस इन फर्स' आणि 'ऑल टुमॉरोज पार्टीज' मध्ये हीच जुळवणी आहे.

नेहमीच्या १०-४६ संचावर (आकडे तारेच्या जाडीचे, इंचाच्या हजाराव्या भागांत) सगळ्या तारा डी ला आणायला गेलात तर ए ची तार अडीच स्वर वर ओढावी लागते आणि तुटते, आणि जी ची अडीच स्वर खाली येऊन लोंबते. म्हणून तारा बदलायच्या. जाडीपासून: ४६, २६, २६, २६, ११, ११. पहिली खालच्या डी ला, तीन मधल्या डी ला, दोन वरच्या डी ला. एकूण ताण साधारण ४५ किलो होतो; नेहमीच्या संचाचा ४७. मानेतल्या सळईला हात लावावा लागत नाही.

अडचण नटमध्ये, म्हणजे मानेच्या टोकाला तारा ज्या खाचांतून जातात त्या पट्टीत, येते. जी ची खाच १७ च्या तारेची असते, तिच्यात २६ ची गुंडाळलेली तार वर तरंगते आणि पहिल्या पट्टीत सूर चढतो. ए ची खाच उलट ३६ ची, तिच्यात २६ ची तार डुलते आणि झणझणते. चांगल्या गिटारचा नट कापत बसू नका. सुटा नट आणा, त्यात खाचा करा, नंतर मूळचा परत बसवा.

लावताना ट्यूनरवर सहाही तारा हिरव्या झाल्या म्हणून थांबू नका. मधल्या डी ची एक तार १४६.८ हर्ट्झला पक्की करा, तिच्या शेजारची अर्ध्या ते एक हर्ट्झने सैल. सेकंदाला एखादं आंदोलन ऐकू येतं आणि आवाज श्वास घेऊ लागतो. तानपुऱ्याच्या जोडीच्या तारा लावलेल्या कानाला हे शिकवावं लागत नाही. फरक दोन हर्ट्झच्या पुढे गेला की नुसतं बेसूर वाटतं. तिसरी तार अगदी बरोबर ठेवायची, नाहीतर गाणाऱ्याला आधार राहत नाही.

२४ ऑगस्ट

व्हायोला. केलने घोडी सपाट केली होती, म्हणजे गज एकाच वेळी तीन तारांवर टेकतो, आणि गिटारच्या व मॅंडोलिनच्या तारा चढवल्या होत्या. प्रात्यक्षिकासाठी स्वस्तातला सराव-व्हायोला पुरतो. घोडी नवी कोरून घ्यायची, जुनी ठेवून द्यायची. पूर्ण सपाट करू नये. मधल्या तारा कडेच्यांपेक्षा केसभर वर राहिल्या तर गज जरा दाबला की तीन आणि हलका ठेवला की दोन तारा मिळतात.

गिटारची तार इथे चालते कशी? व्हायोलाची मोकळी तार जेमतेम ३७ सेंटिमीटर, गिटारची ६५. लांबी कमी, पण सूर वर, आणि ताण दोन्हींच्या गुणाकाराच्या वर्गावर ठरतो. १३ ची साधी पोलादी तार व्हायोलाच्या ए ला लावली तर ताण सुमारे ७.३ किलो येतो. गिटारवर बी ला ती ७ किलो घेते. डी साठी २० ची साधी तार घ्या, ७.७ किलोच्या आसपास जाते. पोलाद घोडीचं लाकूड कापत जातं, म्हणून तारेखाली प्लॅस्टिकची बारीक नळी किंवा चामड्याचा तुकडा हवाच. तो नसला की खाच खोल होते, तार पट्टीला टेकते आणि ड्रोनमध्ये कर्कश खडखड शिरते. राळ नेहमीपेक्षा जास्त लागते, कारण पोलादावर गज घसरतो.

२५ ऑगस्ट

ड्रम. टकर उभी राहून वाजवायची. बेस ड्रम आडवा, तोंड वर, त्यावर मॅलेट. झांजा जवळजवळ नाहीतच. तिच्या कानात नायजेरियाचा बाबातुंडे ओलातुंजी आणि बो डिडली होते. झांज गेली की वरची सगळी जागा मोकळी होते आणि व्हायोलाची किरकिर तिथे राहू शकते. हे ऐकवायला सोपं: 'व्हीनस इन फर्स' लावा आणि त्यावर हाताने एक साधी हाय-हॅट धरा. व्हायोला लगेच मागे जाते.

७ सप्टेंबर

गणपती बसले. मंडळांच्या स्पीकरचा खालचा धक्का जमिनीतून टर्नटेबलला मिळतो आणि २० ते ४० हर्ट्झमध्ये नोंदला जातो, नंतर काढता येत नाही. १७ तारखेच्या विसर्जनापर्यंत एलपीचं काम बंद, फक्त सीडीचं.

१४ सप्टेंबर

'हेरॉइन'ची चार रूपं एकापाठोपाठ. या प्रकल्पातला सगळ्यात श्रीमंत तास हाच ठरणार.

मे १९६५: गिटार आणि आवाज, मांडणी लोकगीताची. गाण्याची चौकट मात्र तेव्हाच तयार आहे, दोन कॉर्ड आणि वाढत जाणारा वेग. जुलै १९६५, लडलो: अजून ड्रम नाहीत, वेगाची सगळी जबाबदारी रीडच्या उजव्या हातावर. एप्रिल १९६६, सेप्टर: इथे पहिल्या ओळीतच फरक आहे. अल्बमवर गाणारा आपण कुठे चाललोय ते ठाऊक नाही म्हणतो. सेप्टरमध्ये तो ठाऊक आहे म्हणतो. एका नकाराने सगळं गाणं फिरतं. मे १९६६, टीटीजी: हे अल्बमवरचं. साधारण ५:१७ ला ड्रम थांबतात. टकरला बाकीच्यांचं वाजवणं ऐकू येईनासं झालं, ती थांबली, बाकीचे थांबले नाहीत, ती परत शिरली. संपादन न करता ते तसंच ठेवलं गेलं. ऐकणाऱ्यांना आधी सांगायचं नाही. ऐकून झालं की तेवढा तुकडा परत लावायचा.

'व्हीनस इन फर्स'ची लडलोवरची प्रत याच तासात घ्यावी. केल गातो, आणि ऐकताना जुनं इंग्रजी लोकगीत वाटतं. नऊ महिन्यांनी सेप्टरच्या प्रतीत तेच गाणं व्हायोला आणि बेस ड्रमवर उभं आहे.

२१ सप्टेंबर

सेप्टरचं ॲसिटेट. २५ एप्रिल १९६६ तारखेची ही चकती डॉल्फने कोलंबियाकडे पाठवली, तिथून नकार आला. २००२ मध्ये न्यूयॉर्कच्या चेल्सी भागातल्या रस्त्यावरच्या विक्रीत ती ७५ सेंटला मिळाली, आणि पहिल्या अल्बमच्या २०१२ च्या संचात अधिकृतपणे आली. नऊ गाणी आहेत; 'संडे मॉर्निंग' आणि 'देअर शी गोज अगेन' नाहीत. 'युरोपियन सन' वेगळंच आहे, अल्बमपेक्षा मिनिटभराहून मोठं.

चरचर खूप आहे, आणि ती तशीच ठेवायची असं ठरलं. नॉइज रिडक्शन कसं चालतं ते लक्षात घ्या: स्थिर, न बदलणाऱ्या आवाजाला ते कचरा समजतं. या बँडचा व्हायोला नेमका स्थिर, न बदलणारा आवाज आहे. फिल्टर जरा जोरात लावला की आधी गजाची खरखर जाते, मग ड्रोनच्या वरच्या पटी, आणि उरतं ते हार्मोनियमसारखं काहीतरी. मोठे टिकटिक आवाज हाताने, एकेक करून काढायला हरकत नाही. बाकी हात लावायचा नाही.

२८ सप्टेंबर

पहिला अल्बम, मोनो की स्टीरिओ. मोनो व्ही-५००८, स्टीरिओ व्ही६-५००८. स्टीरिओचे दोन चॅनेल बेरीज करून मोनो होत नाही, मिक्स वेगळं आहे. बैठकीत मोनो वाजवायचा, कारण आधीचे सगळे टप्पेही मोनोच आहेत. मोनो एलपी स्टीरिओ सुईने घेतली तर दोन्ही चॅनेल जोडून टाका. उभ्या हालचालीचा गडगडाट रद्द होतो आणि खरखर ३ डेसिबलपर्यंत उतरते.

'ऑल टुमॉरोज पार्टीज' कुठल्या प्रकाशनातून घेता ते लिहून ठेवा. एलपीवर गायिका निकोचा आवाज दुहेरी आहे, ऐंशीच्या दशकातल्या सीडीवर एकेरी. पियानोच्या तारांत केलने कागदाच्या क्लिपांची साखळी गुंफली होती. एकेरी आवाजाच्या प्रतीत ती छनछन जास्त मोकळी ऐकू येते. आम्ही दोन्ही ठेवतोय.

१२ ऑक्टोबर

दुसरा अल्बम, व्ही६-५०४६. त्यातलं दुसरं गाणं 'द गिफ्ट'. डाव्या बाजूला केल कथा वाचतो, उजवीकडे बँड वाजतो. याहून चांगली चॅनेल-तपासणी नाही: कथा उजवीकडून आली तर वायर उलट्या आहेत. कथेच्या बाजूला बँड बारीक ऐकू येत असेल तर कार्ट्रिज डोक्यात किंचित तिरकी बसली आहे. समोरून पाहून सुई तबकडीला काटकोनात आणा.

'सिस्टर रे' साडेसतरा मिनिटांचं, एका टेकमध्ये, बेस गिटारशिवाय. केलचा व्हॉक्स ऑर्गन गिटारच्या ॲम्प्लिफायरमधून जातो. सगळ्यांनी आवाज चढवत नेला, सगळे माइक सगळ्यांचं ऐकत होते, आणि मिक्समध्ये वेगळं काढण्यासारखं काही उरलं नाही. आवाजाचं हे फाटणं मूळचं, त्याला दोष म्हणून नोंदवू नका.

पण एलपीवर त्यात आणखी एक फाटणं मिसळतं ते मूळचं नव्हे. तबकडीच्या कडेला सुईखालून सेकंदाला ५१ सेंटिमीटर खाच सरकते, लेबलजवळ २१. म्हणजे गाण्याचा सगळ्यात दाट शेवट सगळ्यात अरुंद जागेत पडतो. गोल सुई तिथे लहरीत पूर्ण उतरत नाही. मायक्रोलाइन किंवा शिबाटा घाटाची सुई लावून, वजन कार्ट्रिजच्या वरच्या मर्यादेजवळ ठेवून, संरेखन आतल्या वर्तुळावर तपासून घेतलं की ऑर्गन आणि गिटार वेगळे होतात. सीडीशी ताडून पाहा: सीडीतही जे फाटलेलं आहे ते मेफेअरमधलं, फक्त एलपीत आहे ते सुईचं.

२६ ऑक्टोबर

आवाजपातळी. सगळं सरसकट -२३ एलयूएफएसला (कानाला जाणवणाऱ्या जोराचं माप) आणलं तर मे १९६५ ची एकटी गिटार फुगते, टेपची सूं-सूं पुढे येते, आणि 'सिस्टर रे' बिचकल्यासारखं वाटतं. म्हणून मोजमाप गाण्याचं नाही, गाणाऱ्याच्या आवाजाचं: ज्या ओळीत आवाज जवळजवळ एकटा आहे तिथली अल्पकालीन पातळी सगळीकडे सारखी करायची, बाकीचं जिथे जाईल तिथे. शिखरं -१ डेसिबलच्या खाली राहिली की झालं; लिमिटर लावायचा नाही. नोंदवताना २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ आणि शिखरं -६ च्या आसपास, म्हणजे टिकटिक आवाजांना जागा राहते.

९ नोव्हेंबर

क्रम पक्का. दुसऱ्या टप्प्यानंतर ऑस्ट्रिच गिटार आणि व्हायोलाचं प्रात्यक्षिक, मग सेप्टर. 'संडे मॉर्निंग' मात्र चौथ्या टप्प्यानंतर एकटं ठेवायचं, त्याला पुढेमागे काही चिकटवायचं नाही: केलचा सेलेस्टा (घंट्यांसारखं वाजणारं पियानोच्या घाटाचं वाद्य), सगळ्यात शेवटी केलेलं गाणं, अल्बमवर सगळ्यात पहिलं. प्रकाशनक्रमाने ऐकणाऱ्याला बँड हळुवार सुरू होऊन आक्रमक झाल्यासारखा वाटतो. खरा क्रम उलटा आहे.

१६ नोव्हेंबर

पुढच्या टप्प्यासाठी आधीच लिहून ठेवतो. मार्च १९६९ च्या तिसऱ्या अल्बमचे दोन मिक्स आहेत, एक रीडने केलेला, ज्याला सगळे 'क्लोजेट मिक्स' म्हणतात, आणि एक ध्वनिमुद्रक व्हॅल व्हॅलेंटिनचा. 'सम काइंडा लव्ह' मध्ये फरक मिक्सचा नसून वाजवण्याचाच आहे, दोन वेगळे टेक. यादीत त्याच्या दोन ओळी कराव्या लागतील. केल तोवर गेलेला आहे, डग यूल आलेला आहे, त्यामुळे सपाट घोडीचा व्हायोला त्या टेबलावर लागणार नाही, ऑर्गन लागेल.